भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट: या मंडळींचं एस्टिमेट नीट वाचा

चार स्टार दिले आहेत. पाचवा का राखून ठेवला ते पुढे येईलच.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, आजेसासऱ्यांनी सुरू केलेलं. गल्ल्यावर अजूनही अण्णा, म्हणजे माझे सासरे बसतात. खरेदी, हिशेब आणि बाहेरगावच्या ऑर्डरी मी बघते. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमची वेबसाइट सुरू झाली, ती नाशिकच्याच कॅनडा कॉर्नर भागातल्या या टीमने करून दिली. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे, पैसे ऑनलाइन भरता येतात, माल घरपोच जातो. साइट देखणी झाली आहे, पण देखणी साइट करणारे नाशिकमध्ये आणखीही असतील. मला यांच्याबद्दल सांगायचं आहे ते पैशांच्या बाबतीत. किती खर्च येणार, कधी येणार, कुणाला द्यायचा आणि दर वर्षी किती, हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी यांनी आमच्यासमोर कागदावर मांडलं. छोट्या दुकानदाराला वेबसाइट करताना याचीच सगळ्यात जास्त गरज असते आणि नेमकं तेच कुणी करून देत नाही.

वेबसाइट करायची ठरल्यावर आम्ही आधी इकडेतिकडे चौकशी केली. एकाने व्हॉट्सॲपवर एका ओळीत उत्तर पाठवलं: पाच पानांची साइट, 15,000 रुपये, डोमेन फ्री, होस्टिंग फ्री. डोमेन म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, होस्टिंग म्हणजे ती ठेवायची भाड्याची जागा. पुण्याच्या एका कंपनीचं कोटेशन साडेतीन लाखांच्या घरात गेलं. दोन आकड्यांमध्ये एवढी दरी असली की आपलं काम खरं कितीचं, हे ठरवायला काही आधारच राहत नाही. 15,000 सांगणारा चुकीचं सांगत होता असं मी म्हणणार नाही. दुकानाचा पत्ता, फोन, नकाशा, दहा-बारा फोटो एवढंच हवं असेल तर तेवढ्यात भागतं, आणि पुष्कळ दुकानांना तेवढंच पुरेसं असतं. पण दुसऱ्या वर्षी होस्टिंगचे किती द्यायचे, डोमेन कुणाच्या नावावर राहणार, आमचे दीडशेच्या आसपास नग साइटवर कोण चढवणार, यातलं काहीच त्या एका ओळीत नव्हतं.

या मंडळींनी फोनवर आकडा सांगितला नाही. आधी दुकान बघू द्या म्हणाले. एक मुलगा आणि एक मुलगी दुपारच्या वेळी आले, स्टुलावर बसले आणि बराच वेळ फक्त विक्री बघत राहिले. तेवढ्यात लग्नाच्या भांड्यांसाठी एक कुटुंब आलं. मी एक मठारलेली, म्हणजे हातोडीने ठोकलेली तपेली काट्यावर ठेवली, ती भरली 1 किलो 850 ग्रॅम. तिच्याच मापाची शेजारची भरली 1 किलो 920. गिऱ्हाईक गेल्यावर त्या मुलीने विचारलं, "काकू, मग साइटवर या तपेलीची किंमत काय लिहायची?"

हा प्रश्न मला तोवर कुणीही विचारला नव्हता आणि आमच्या साइटचा सगळा खर्च त्याच्याभोवती फिरतो. आमचा माल वजनावर जातो. किलोचा भाव अधिक मजुरी, असा हिशेब. धातूचा भाव सारखा खालीवर होतो, आणि हाताने ठोकलेले दोन नग कधी एका वजनाचे भरत नाहीत. साधारण ऑनलाइन दुकानात प्रत्येक वस्तूला एक ठरलेली किंमत असते. आमच्याकडे तसं केलं असतं तर भाव हलला की दीडशे किमती हाताने बदलत बसावं लागलं असतं. यांनी उपाय असा काढला: तांब्याचा आणि पितळेचा किलोचा भाव एका जागी भरायचा, प्रत्येक नगापुढे वजन आणि मजुरी भरून ठेवायची. भाव बदलला की सगळ्या किमती आपोआप बदलतात. छोट्या भांड्यांना सरासरी वजनावर एकच किंमत. दोन किलोच्या वरचा नग असेल, म्हणजे घंगाळ, मोठी परात, बंब, तर प्रत्येक नगाचा स्वतःचा फोटो आणि त्याचं खरं वजन. आता रोज सकाळी दुकान उघडल्यावर मी मोबाइलवरून दोन आकडे बघते, गरज असेल तर बदलते, आणि काम झालं.

या एका सोयीचे त्यांनी 11,000 रुपये वेगळ्या ओळीत लावले. वेगळे लावले म्हणूनच मला ते पटले. हा खर्च कशामुळे येतोय ते दिसत होतं आणि नको असता तर ती ओळ खोडता आली असती.

एस्टिमेट करण्यासाठी त्यांनी आधी 5,000 रुपये मागितले. अण्णांना हे अजिबात रुचलं नाही. कोटेशनचे पैसे आपल्या बाजारात कुणी घेत नाही. पण अट अशी होती की काम यांना दिलं तर ते 5,000 बिलात वळते होतील, आणि दुसऱ्या कुणाला दिलं तरी तो कागद आमचाच, कुणालाही दाखवायला आम्ही मोकळे. मला यात गैर काही दिसलं नाही. दुकानात बसून काम समजून घ्यायचं, नग मोजायचे, कुरिअरचे आणि बँकेचे दर काढायचे, हेही कामच आहे. फुकट कोटेशन देणाऱ्याला तो वेळ देता येत नाही, मग तो अंदाजे आकडा टाकतो आणि मधेच म्हणतो, हे त्यात धरलं नव्हतं.

आठवड्याभराने कागद हातात आला. पहिला इंग्रजीत होता. अण्णांना वाचता यावा म्हणून मराठीत मागितला, तो त्यांनी कुरकुर न करता करून दिला. लग्नाच्या यादीत दोन्ही बाजूंचं देणंघेणं समोरासमोर लिहितात तसे त्यात दोन रकाने होते: एका बाजूला त्यांनी करायची कामं, दुसऱ्या बाजूला आम्ही करायची किंवा बाहेरून करून घ्यायची कामं. हा दुसरा रकाना इतर कुणाच्याच कोटेशनमध्ये नव्हता.

त्यांच्या बाजूला असं होतं: डिझाइन 18,000, दुकानाची मांडणी आणि सगळे नग चढवणं 38,000, वजनावरच्या किमतीची सोय 11,000, मराठी-इंग्रजी दोन्ही भाषा 12,000, पेमेंट आणि डिलिव्हरीची जोडणी 9,000, तपासणी आणि आम्हाला शिकवणं 6,000. एकूण 94,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 16,920, म्हणजे 1,10,920 रुपये. आमचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे आणि बिलावर आमचा नंबर घातला होता, त्यामुळे कराची रक्कम इनपुट क्रेडिटमध्ये मिळाली, म्हणजे आम्ही भरायच्या जीएसटीतून तेवढी वजा झाली. बिलाशिवाय थोडं स्वस्तात काम करून देतो म्हणणारे भेटतात. तुमचं रजिस्ट्रेशन असेल तर तो स्वस्तपणा कागदावर मांडून बघा, बऱ्याचदा काही उरत नाही.

आमच्या बाजूच्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा फोटोंचा होता, 18,000 धरले होते. पितळेची भांडी फोटोला फार अवघड असतात. चकचकीत समईत समोरचा कॅमेरा, फोटो काढणारा माणूस, खिडकी, सगळं उमटतं. फोटोग्राफरने चहूबाजूंनी पांढरं कापड लावून, बाहेरून उजेड टाकून फोटो काढले. शिवाय प्रत्येक नग आधी चिंच लावून घासायचा, कोरडा पुसायचा आणि हाताचे ठसे उमटू नयेत म्हणून कापडानेच धरायचा. आमच्या दोन कामगारांचा यात पुष्कळ वेळ गेला. फोटोग्राफरचं बिल अंदाजापेक्षा थोडं जास्तच झालं. त्यासाठी एस्टिमेटमध्ये "अडीअडचणीसाठी" म्हणून 12,000 रुपये बाजूला ठेवायला सांगितले होते, त्यातून ते भागलं. असे पैसे बाजूला ठेवा असं आपणहून सांगणारा व्यावसायिक मला तरी पहिल्यांदाच भेटला.

दुसरा आकडा मजकुराचा, 8,000. आमचा जुना छापील कॅटलॉग होता, प्रेसवाल्याने श्रीलिपीत टाइप केलेला. मला वाटलं तोच साइटवर टाकता येईल. पण जुन्या फाँटमधला मजकूर इंटरनेटवर तसाच चिकटवला की भलतीच अक्षरं दिसतात, तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा अक्षरांत आणावा लागतो. ते करणारी साधनं मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं मोडतात. "निरांजन" नीट आलं, "पंचपात्री"ची मात्र पार वाट लागली होती. म्हणून प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालायला एका डीटीपीवाल्या ताईंना बसवलं आणि शेवटचा हात मी फिरवला. मराठी साइट करणाऱ्या प्रत्येकाने हा खर्च धरावा. नावं चुकलेली असली तर गिऱ्हाईक शोधणार कसं? फाँटही त्यांनी विचार करून निवडला. 'मुक्त' हा 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मोफत वापरता येणारा फाँट आहे, साध्या मोबाइलवरही मराठी स्वच्छ वाचता येतं. अण्णांनी चष्मा न लावता घंगाळाचं वर्णन वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचा विरोध पुष्कळ निवळला.

तिसऱ्या पानावर दर वर्षीचा खर्च होता, आणि खरं सांगायचं तर काम यांना द्यायचं हे मी तिथेच ठरवलं. डॉट इन आणि डॉट कॉम मिळून वर्षाला 2,000 च्या आसपास, होस्टिंग 7,000, देखभाल 18,000. म्हणजे साधारण 27,000 रुपये दर वर्षी, शिवाय जीएसटी. साइट एकदा केली की झालं, असं आमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात होतं. तीन वर्षांचा हिशेब समोर आला तेव्हा चित्र वेगळं दिसलं: तीन वर्षांत हा दर वर्षीचा खर्च मूळ कामाच्या जवळ जातो. डोमेनची पहिल्या वर्षाची ऑफर बघून खूश होऊ नका, नूतनीकरणाचा दर आधी बघा, हेही त्यांनी पेनाने बाजूला लिहून दिलं होतं.

त्याच पानावर दोन पर्याय शेजारी शेजारी मांडले होते. एक, महिन्याला ठरावीक पैसे भरून चालणारं शॉपिफायसारखं तयार दुकान. दुसरा, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हा दुकानाचा भाग बसवून केलेलं. पहिल्यात सुरुवातीचा खर्च कमी, पण महिन्याची फी कायमची, आणि आमच्या वजनाच्या हिशेबासाठी वेगळं ॲड-ऑन घेऊन त्याचे पुन्हा महिन्याला पैसे. दुसऱ्यात सॉफ्टवेअर मोफत, घडवायचा खर्च जास्त, आणि ते काम येणारी माणसं गावोगाव असल्याने उद्या यांच्याशी जमलं नाही तरी दुसरा कुणीही काम पुढे नेऊ शकतो. त्यांना कामाचे पैसे दुसऱ्यात जास्त मिळणार होते, हे त्यांनीच आधी सांगितलं. चार-सहाच वस्तू असत्या, ठरलेल्या किमतीच्या, तर पहिलंच घ्या म्हणून सांगितलं असतं, असंही म्हणाले. माझ्या बहिणीच्या मसाल्यांसाठी नंतर त्यांनी खरोखरच पहिला पर्याय सुचवला, म्हणून यावर माझा विश्वास आहे.

काय घेऊ नका हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या दिराला ॲप हवं होतं. ते म्हणाले, गूगल प्लेवर नोंदणीचे एकदाच 25 डॉलर आणि ॲपलचे दर वर्षी 99 डॉलर हा भाग किरकोळ आहे. ॲप घडवणं आणि ते चालू ठेवणं याचा खर्च साइटच्या वरचा आहे, आणि वर्षातून एकदा भांडी घेणारा माणूस त्यासाठी ॲप उतरवून घेत नाही. 2027 च्या सिंहस्थात गर्दी होईल म्हणून आत्ताच मोठं होस्टिंग घ्यावं का, हे मी विचारलं होतं. त्यावर उत्तर आलं की त्या काळापुरतं वाढवता येतं, आज त्याचे पैसे भरू नका. एसएसएलचे, म्हणजे साइटचा पत्ता https ने सुरू होतो त्या सुरक्षा प्रमाणपत्राचे, दुसऱ्या एका कोटेशनमध्ये वर्षाला 3,000 लावले होते. यांनी शून्य लिहिलं, कारण लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र मोफत मिळतं आणि आपोआप नवं होत राहतं.

पेमेंटचा हिशेबही त्यांनी एका ऑर्डरवर करून दाखवला. दुकानातल्या क्यूआर कोडवर गिऱ्हाइकाने बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले की आपल्याला पूर्ण रक्कम मिळते. साइटवर मध्ये पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणारी कंपनी असते, ती साधारण 2 टक्के घेतो आणि त्या 2 टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 3,000 च्या ऑर्डरमागे 60 अधिक 10 रुपये 80 पैसे. वजनावर विकणाऱ्या धंद्यात नफ्याची टक्केवारी मुळातच कमी असते, तिथे 70 रुपये म्हणजे लहान गोष्ट नाही. हे आधी कळलं म्हणून साइटवरची मजुरी आम्ही त्या हिशेबाने धरली.

पैसे चार हप्त्यांत द्यायचे होते: 30 टक्के सुरुवातीला, 30 डिझाइन पसंत पडल्यावर, 30 पूर्ण साइट चालवून दाखवल्यावर आणि शेवटचे 10 टक्के साइट सुरू होऊन महिना झाल्यावर. त्या शेवटच्या 10 टक्क्यांचं महत्त्व मोठं आहे, कारण खऱ्या अडचणी साइट सुरू झाल्यावरच दिसतात. ठरलेल्यापेक्षा जास्त काही मागितलं तर तासाला 800 रुपये, तेही आधी विचारून, असं लिहिलेलं होतं. दोनदा त्यांनी फोन करून सांगितलं की हे ठरलेल्याच्या बाहेर आहे, करायचं का? एकदा मी हो म्हटलं, एकदा नको.

डोमेन माझ्या ईमेलवर आणि आमच्या फर्मच्या नावावर घेतलं, ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो. शेवटचा हप्ता दिल्यावर होस्टिंग, साइट, पेमेंट गेटवे या सगळ्यांचे लॉगिन एका कागदावर लिहून मिळाले आणि पूर्ण बॅकअपची पेनड्राइव्ह. आमच्याच गल्लीतल्या एका दुकानदाराचं डोमेन साइट करणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं, तो माणूस फोन उचलेना आणि त्या दुकानदाराची दहा वर्षं छापलेली व्हिजिटिंग कार्डं वाया गेली. एस्टिमेटमध्ये मालकी कुणाची, हे एका वाक्यात लिहून घ्या. त्याला एक पैसा लागत नाही.

आणखी एक काम त्यांनी आपणहून केलं. साइटवर विक्री करायची तर 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे फर्मचं नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. माल परत घेण्याच्या अटी, डिलिव्हरीच्या अटी, गिऱ्हाइकाच्या माहितीबद्दलचं धोरण ही पानंही लागतात, ती नसतील तर गेटवे खातं सुरू करत नाही. यांनी मसुदे दिले आणि आमच्या वकिलांना दाखवून घ्या म्हणाले. सप्टेंबरमध्ये साइट तपासणीत असतानाच जीएसटीचे दर बदलले, 22 सप्टेंबर 2025 पासून तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचा दर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. कराचा दरही एकाच जागी ठेवलेला असल्याने तो बदलायला काही वेळ लागला नाही, त्याचे पैसेही लावले नाहीत.

आता जे कमी पडलं ते.

डिलिव्हरीची जोडणी. एस्टिमेटमध्ये ही एकच ओळ होती आणि तिथे आणखी खोलात जायला हवं होतं. पहिलं घंगाळ बेंगळुरूला गेलं तेव्हा साइटने गिऱ्हाइकाकडून पॅकिंगसह साडेचार किलोचं भाडं घेतलं. कुरिअरने आम्हाला बिल लावलं 12 किलोच्या वरचं. कुरिअरवाले खोक्याचं आकारमानही बघतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000 ने भागायचं, जो आकडा येईल तो आणि खरं वजन यांतलं जास्त असेल ते धरायचं. आमचं खोकं 45 बाय 45 बाय 30 चं होतं, म्हणजे 12.15 किलो. आत सगळी हवा, पण भाडं हवेचंही द्यावं लागतं. पाणी प्यायच्या तांब्याचं तसं होत नाही, त्याचं खोकं एक किलोच्या आत बसतं. दुरुस्ती त्यांनी लगेच केली, प्रत्येक मोठ्या नगाला खोक्याचं माप भरायची सोय दिली आणि पैसे घेतले नाहीत. पण दुकानात बसून त्यांनी घंगाळं, हंडे, बंब डोळ्यांनी बघितले होते. तपेलीच्या वजनाचा प्रश्न ज्यांना सुचला त्यांना हाही सुचायला हवा होता. पाचवा स्टार यासाठी राखून ठेवला. तुमचा माल पोकळ आणि मोठा असेल, भांडी असोत, टोपल्या, कंदील किंवा गाद्या, तर यांच्याकडून हा हिशेब आधीच मागून घ्या.

मराठीचंही एक काम अर्धवट राहिलं होतं. साइट मराठीत वाचली, ऑर्डर मराठीत दिली, तरी ऑर्डर मिळाल्याचा ईमेल इंग्रजीत जायचा. दोन भाषांचे 12,000 घेतले असतील तर गिऱ्हाइकाला जाणारा प्रत्येक शब्द त्यात यायला हवा. सांगितल्यावर सुधारलं, पण सांगावं लागलं. साइट दसऱ्याला सुरू व्हायची होती ती दिवाळीच्या तोंडावर झाली. यात आमचे फोटो लांबले हे खरं, गेटवेच्या कागदपत्रांनाही वेळ गेला, तरी शेवटची तपासणी त्यांच्याकडेच रेंगाळली. आणि शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत त्यांच्याकडे फोन कुणी उचलत नाही. आमच्या ऑर्डरी जास्त रविवारीच येतात. यंदाच्या देखभालीच्या करारात मी रविवारी सकाळी तातडीचा एक नंबर लिहून घेतला आहे, त्यासाठी वर्षाला 3,000 जास्त कबूल केले.

विक्रीचं म्हणाल तर सगळा खर्च अजून निघालेला नाही. पहिल्या वर्षात तो निघेल असं त्यांनीही म्हटलं नव्हतं. साइट स्वतःहून गिऱ्हाईक आणत नाही, जाहिरातीचे पैसे वेगळे धरा आणि सणांच्या, लग्नसराईच्या महिन्यांतच खर्च करा, असा त्यांचा सल्ला होता. गूगल मॅपवरचं आमचं पान त्यांनी नीट करून दिलं, ते मोफत असतं आणि आम्हाला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. ऑर्डरी येतात त्या मुख्यतः नाशिकहून बाहेर गेलेल्यांच्या. मुलीच्या रुखवतात पितळेची कळशी हवी म्हणून हैदराबादहून आईचा फोन येतो, मी साइटची लिंक पाठवते, वजन आणि भाव तिच्यासमोर असतो, घासाघीस फारशी होत नाही. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी येऊन गेलेली माणसं घरी परतल्यावर ताम्हण आणि पळी-पंचपात्री मागवतात. ही गिऱ्हाइकं आधीही होती, पण फोनवर फोटो पाठवा, वजन सांगा, हिशेब करा, खातं नंबर द्या यात माझी अख्खी दुपार जायची. ती दुपार आता मोकळी असते, आणि माझ्या मते खर्चाच्या हिशेबात तीही धरावी.

तुमचं बजेट पंचवीस-तीस हजारांच्या आत असेल तर हे लोक तुमच्यासाठी नाहीत, ते स्वतःच तसं सांगतात आणि गूगलवरचं मोफत पान करून घ्या म्हणतात. माल विकायचा असेल, किमती सरळसोट नसतील, तर मात्र यांच्याकडेच जा. जाताना तुमच्या वस्तूंची यादी, गेल्या वर्षीची बाहेरगावच्या ऑर्डरींची वही आणि कुरिअरची जुनी बिलं घेऊन जा, त्यावरूनच ते एस्टिमेट करतात. आधी फोन करून वेळ घ्या. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पण वयस्कर माणूस बरोबर असेल तर सांगा, ते दुकानात येतात.